चौरसक व बफर मंडल
एका दोलकाच्या ज्यावक्रीय तरंगाचे चौरस तरंगात रूपांतर करून तो अनेक प्रदानांना पुरविणारे इलेक्ट्रॉनीय मंडल. माकूल या सागरी प्राण्याच्या तंत्रिकांचा अभ्यास करताना अमेरिकन विद्यार्थी ऑटो श्मिट यांना १९३४ मध्ये चौरसकाची कल्पना सुचली. १९३८ मध्ये ती प्रसिद्ध झाली. चढत्या व उतरत्या संकेतासाठी पालटण्याचे विद्युत् दाब भिन्न असल्याने हे मंडल किरकोळ गोंगाटाला फसत नाही. श्मिट यांनी निर्वात नलिका वापरल्या. पुढे अशी सहा मंडले एकाच चिपमध्ये मावू लागली. प्रत्येक प्रदानाला स्वतंत्र बफर दिल्यास एका शाखेवरील भाराची झळ दुसरीला सहसा लागत नाही.

एकाच संकेताच्या अशा वाटपाची निकड खोडद (जि. पुणे) येथील महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बिणीत मोठ्या प्रमाणावर दिसते. सु. २५ किमी. परिसरातील ३० अँटेनांना प्रकाशीय तंतूंतून समान संदर्भसंकेत जातो. त्यांच्या कलांचा मेळ सुटला, तर तीस थाळ्यांची एक दुर्बीण होत नाही.