कौल, घसारा आणि धुराडे

दुष्काळाने किंवा लढायांनी ओस पडलेला गाव पुन्हा वसवावयाचा झाला म्हणजे मराठेशाहीत सरकार 'कौल' देत असे. पडीक जमीन जो लागवडीस आणील त्याला आरंभी सारा माफ किंवा नाममात्र. मग तो वर्षागणिक चढत जाऊन काही वर्षांनी पुरा भरावयाचा. या चढत्या साऱ्याला इस्तावा म्हणत. सूट मिळे ती नांगराखाली आलेल्या जमिनीपुरती, आणि जमीन खरोखरच पिकली की नाही, हे शिवारात जाऊन पाहता येई. पाटील-कुलकर्णी नेहमी खरेच लिहीत, असे मानण्याइतके आपण भोळे नाही. पण उभे पीक डोळ्यांना दिसत तरी असे.

आज असाच एक नवा कौल मागितला जात आहे. वीजकेंद्रे, सिमेंट व पोलादाचे कारखाने यांच्या धुराड्यांतून जाणारा कार्बन डायऑक्साइड, म्हणजे जुन्या पाठ्यपुस्तकांतला कर्बद्विप्राणिल वायू, पकडून जमिनीच्या पोटात कायमचा पुरावा आणि यात भांडवल घालणाऱ्या उद्योगांना करात सवलत मिळावी. आपल्या नीती आयोगानेही २०२२ साली या विषयावर धोरणाचा आराखडा प्रसिद्ध केला.

सवलत कशाच्या मापाने द्यावी, याचा धडा महाराष्ट्रातच मिळालेला आहे. सातारा जिल्ह्यातील वनकुसवड्याच्या पठारावर १९९० नंतरच्या दशकात पवनचक्क्यांचे रान माजले. त्या काळी पवनचक्कीच्या संपूर्ण किमतीचा घसारा पहिल्याच वर्षी दाखविता येई आणि नफ्यावरचा प्राप्तिकर तेवढा वाचे. पुढे हे प्रमाण ८० टक्क्यांवर आले. चक्क्या उभ्या राहिल्या हे खरे, परंतु सवलत उभारणीला होती, फिरण्याला नव्हती. म्हणून २००९ साली केंद्र सरकारने प्रत्यक्ष निर्माण झालेल्या विजेवर युनिटमागे ५० पैसे देण्याची दुसरी योजना आणली. कौलाचे तत्त्व सरकारला बऱ्याच उशिरा आठवले म्हणायचे!

अमेरिकेने २००८ साली कायदा केला तेव्हा हे ओळखून सूट टनावर बांधली: कायम पुरलेल्या वायूला टनामागे २० डॉलर. २०२२ साली ती धुराड्यांतून पकडलेल्या वायूसाठी ८५ डॉलरपर्यंत नेली. पण पुरलेला वायू दिसत नाही. तो मोजावा लागतो. २०२० साली तेथील कर-तपासनिसांना आढळले की, घेतल्या गेलेल्या सुमारे १ अब्ज डॉलर सवलतींपैकी जवळजवळ ८९ कोटी डॉलरांच्या बाबतीत देखरेखीच्या अटी पाळलेल्याच नव्हत्या.

मंठ्याच्या श्रोत्यांनी हे ऐकावे कशाला? आपल्या पायांखालच्या काळ्या पाषाणासाठी. आइसलंडमध्ये २०१२ साली पाण्यात विरघळविलेला हा वायू अशाच बेसाल्ट खडकात सोडला, आणि दोन वर्षांच्या आत त्याचा बहुतेक भाग दगड होऊन बसला. त्यामुळे दख्खनच्या पठाराकडेही शास्त्रज्ञांची दृष्टी वळलेली आहे. मात्र त्या पद्धतीत टनभर वायूमागे सुमारे २५ टन पाणी लागते. वायूच्या टनांवर सूट बांधली, तर या पाण्याचा आकडा हिशेबात येतच नाही, आणि आपल्याकडे तर उन्हाळ्यात टँकरची वाट पाहिली जाते. समुद्राचे पाणी वापरून पाहण्याचे प्रयोग तिकडे झाले आहेत. पण मंठ्याहून समुद्र फार लांब.