तिशीतल्या तरुणाचा अर्ज

घरात कुणी पदवीधर झालं, की बायोडाटा लिहिण्याचा प्रसंग येतो. जन्मतारीख, शिक्षण, टक्केवारी, छंद अशी उतरंड रचली जाते आणि तोच कागद पन्नास ठिकाणी रवाना होतो. उत्तर मात्र एकाही ठिकाणाहून येत नाही. आपलं चुकतं कुठं, हे समजून घ्यायचं असेल, तर सुमारे साडेपाचशे वर्षांपूर्वीचा एक अर्ज पाहण्यासारखा आहे.

अर्जदाराचं नाव लिओनार्दो दा व्हिंची. १४८२ च्या सुमारास तो तीस वर्षांचा होता. फ्लॉरेन्समध्ये चित्रकार म्हणून त्याचं नाव होऊ लागलं होतं. पण हाती घेतलेली मोठी कामं अपुरी राहत होती. त्यानं मिलानकडे मोर्चा वळवला. तिथली सत्ता लुडोविको स्फोर्झा आपल्या अल्पवयीन पुतण्याच्या नावानं चालवत होता आणि १४८२ मध्येच मिलान व्हेनिसविरुद्धच्या युद्धात उतरलं होतं.

लुडोविकोला उद्देशून केलेल्या या अर्जाचा मसुदा आज मिलानच्या अंब्रोसियाना ग्रंथालयात आहे. अक्षर लिओनार्दोचं नाही, कुणाकडून तरी लिहून घेतलेलं आहे. त्यात दहा मुद्दे आहेत. हलके, सहज नेता येतील असे पूल. वेढ्याच्या वेळी खंदकातलं पाणी उपसणं. नदीखालूनही जाणारी गुप्त भुयारं. वाहून न्यायला सोप्या तोफा. शत्रूच्या फळीत घुसणारे झाकलेले रथ. नऊ मुद्दे असे लढाईचे! दहाव्यात शांततेच्या काळातली कामं येतात: इमारती, कालवे, शिल्प आणि चित्रकला. ज्या कलेसाठी जग त्याला ओळखतं, तिच्या वाट्याला जेमतेम एक वाक्य आलं आहे. गुरूचं नाव नाही, आधीच्या एकाही चित्राचा उल्लेख नाही.

याचा अर्थ उघड आहे. 'मी कोण' हे सांगण्याऐवजी त्यानं 'तुमची अडचण मी कशी सोडवीन' हे सांगितलं. शेवटी लुडोविकोच्या दिवंगत वडिलांच्या स्मरणार्थ ब्राँझचा घोडा घडवण्याची तयारी दाखवली. म्हणजे वाचणाऱ्याच्या मनातलीही गोष्ट त्यानं हेरली होती.

यात बढाई नव्हती का? होती. त्यानं सांगितलेली बहुतेक यंत्रं तेव्हा प्रत्यक्षात बनलेली नव्हती. पण त्यानं पुढं एक ओळ जोडली. यातलं काही अशक्य वाटत असेल, तर तुम्ही म्हणाल तिथं करून दाखवतो. परीक्षेची तयारी असली, तरच मोठा शब्द शोभतो.

अर्ज लिहिला आणि नोकरी मिळाली, असंही झालं नाही. १४८३ मध्ये मिलानमध्ये त्यानं करार केला तो एका धार्मिक मंडळाशी, चित्रासाठी. घोड्याचं काम त्याच्याकडे आल्याची नोंद १४८९ ची आहे. १४९३ मध्ये मातीचा भव्य नमुना उभा राहिला. पण पुढच्याच वर्षी त्यासाठीचं ब्राँझ तोफांसाठी गेलं. ज्यानं अर्जात तोफा देऊ केल्या, त्याचाच घोडा तोफांनी खाल्ला! त्याच मिलाननं त्याच्याकडून 'द लास्ट सपर' मात्र काढून घेतलं.

तेव्हा मुलांनो, पुढचा अर्ज लिहायला बसाल, तेव्हा आधी समोरच्याची गरज एका कागदावर लिहा. मग आपल्याला त्यातलं काय येतं, ते दुसऱ्यावर. आणि लिहिलेला प्रत्येक शब्द उद्या करून दाखवावा लागेल, हे धरूनच लिहा.