सरड्याची धाव

साताऱ्याचा माणूस इतिहासात कधी कमी पडत नाही. चहा बशीत ओतता ओतता तो तुम्हाला थेट शाहू महाराजांच्या दरबारात नेऊन बसवतो. सांगलीकर पटवर्धनांपासून सुरुवात करून हळदीच्या पेवापाशी दम खातो. पण आणखी मागं, म्हणजे १५ कोटी वर्षं मागं चला म्हटलं, की दोघांचीही दातखीळ बसते.

दोष त्यांचा नाही, दगडाचा. आमचा अजिंक्यतारा काय किंवा मिरजेजवळचा दंडोबा काय, सगळा ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा थिजलेला लाव्हा. त्यात जुरासिक काळातला प्राणी कुठून सापडणार?

तो सापडला जर्मनीत. बव्हेरियातल्या झोल्नहोफेनकडं तेव्हा उथळ खाजणं होती. तिथल्या चुनखडीच्या गाळात गाडलेल्या एका प्राण्याचं हेर्मान फॉन मायर यांनी १८३१ साली बारसं केलं: प्लुरोसॉरस. हा समुद्रात राहणारा, दीडएक मीटर लांब. त्यातही शेपटीच फार आणि पाय नावापुरते. दिसायला सरड्यासारखा, पण सरड्याशी सोयरीक लांबची. त्याच्या गोतातला तुआतारा तेवढा आज न्यूझीलंडात शिल्लक आहे.

आता म्हणाल, ह्याचा आमच्या साताऱ्या-सांगलीशी संबंध काय? अहो, आहे ना! असले सांगाडे जपणारा तो बारीक कणांचा दगडच छपाईच्या कामी आला. १७९६च्या सुमारास आलोइस झेनेफेल्डरनं त्यावर तेलकट रेघ ओढली, पाणी फिरवलं आणि वर शाई लावली. ओला दगड शाईला जवळ करीना, रेघ मात्र ती सोडीना. झाला शिळाछाप! मग जगभरच्या छापखान्यांनी झोल्नहोफेनचा दगड मागवला.

आपल्याकडं पुण्याची चित्रशाळा १८७८ साली निघाली. राजा रविवर्म्यांचा छापखाना १८९४ साली मुंबईत निघाला आणि पुढं मळवलीला गेला. दोन्हीकडं देव दगडावरूनच कागदावर उतरले, दर रंगाला वेगळा दगड. रविवर्म्यांची अस्सल चित्रं पाहायची तर औंधच्या संग्रहालयात जावं. ती ऐपत संस्थानिकांची. छापील लक्ष्मी मात्र कुणाच्याही घरी गेली. ज्यांना देवळाची पायरी चढू देत नसत, त्यांच्याही भिंतीवर ती कमळात उभी राहिली. पुजाऱ्यांना जे जमलं नाही, ते चिखलानं केलं.

सरड्याची धाव कुंपणापर्यंत, असं आपण म्हणतो. ह्या सरड्याच्या शेजारचा दगड पार माजघरापर्यंत आला की हो!