'तूप' या शब्दाची भेसळ

१९३७ साली 'डालडा' बाजारात आला. हायड्रोजनच्या प्रक्रियेने घट्ट केलेले हे वनस्पतिजन्य तेल. दुधाशी त्याचा संबंध नाही. तरीही लोकव्यवहारात त्यास 'वनस्पती तूप' हे नाव मिळाले. 'साजूक' म्हणजे मूळचे ताजे. पुढे त्या विशेषणाने 'वनस्पती नव्हे' एवढेच सुचविले जाऊ लागले. खऱ्यासच ओळख द्यावी लागली!

रंगरूपाच्या साम्यामुळे तुपात वनस्पतीची भेसळ सुलभ झाली. ती उघडकीस यावी म्हणून वनस्पतीत पाच टक्के तिळाचे तेल घालणे सरकारने बंधनकारक केले. हायड्रोक्लोरिक आम्ल व फरफ्युरल यांच्या योगाने ते तांबडा रंग दाखवी. १९५४ च्या अन्नभेसळ प्रतिबंधक कायद्याने दिशाभूल करणारी नावपट्टीही दंडनीय ठरविली. बोलीत रुळलेल्या नावास मात्र कायदा लागू पडत नाही. म्हणून अशा नावांची नोंद भाषेच्या इतिहासकाराने ठेवणे अगत्याचे होय.