पत्र्याच्या घरातला बूस्टर

अमेरिकेत ट्रेलर घेऊन महिनोन्‌महिने भटकणाऱ्यांच्या छपरावर हल्ली मोबाइल बूस्टरची अँटेना दिसते. छपरावर एक अँटेना, मध्ये अ‍ॅम्प्लिफायर, आत पलंगाशेजारी दुसरी छोटी अँटेना. टॉवरचा मरतुकडा सिग्नल मोठा करून आत सोडायचा आणि आतल्या फोनचा तसाच बाहेर धाडायचा.

याचं मूळ बहुतेक जण कारफोनमध्ये शोधतात. गाडीत बसवलेले जुने फोन ३ वॉटचे होते, हातातले आले ते ०.६ वॉटचे. ही तूट भरून काढायला बूस्टर आला, असा हिशेब. तो खोटा नाही. पण त्यातून बूस्टरची गरज कळते, कूळ कळत नाही.

कूळ शोधायला तारांच्या टेलिफोनकडे जावं लागतं. २५ जानेवारी १९१५ रोजी न्यूयॉर्क ते सॅन फ्रान्सिस्को ही लाइन सुरू झाली, ती व्हॅक्यूम ट्यूबच्या रिपीटरांच्या जोरावर. वाटेत क्षीण झालेला आवाज मोठा करणं हे निम्मंच काम. खरी गोची म्हणजे एकाच तारेवर दोन्हीकडून बोलणं. एका दिशेचा वाढवलेला आवाज निसटून दुसऱ्या दिशेच्या अ‍ॅम्प्लिफायरमध्ये शिरला, की तोच पुन्हा पुन्हा वाढत राहतो. सभेत माइक स्पीकरसमोर गेल्यावर होतं तसं, आणि लाइन शिट्ट्या मारू लागते. उपाय म्हणून जाणारा आणि येणारा आवाज वेगळा काढणारी हायब्रिड कॉइल वापरली. कॉइलच्या दुसऱ्या बाजूला खऱ्या लाइनची हुबेहूब नक्कल जोडायची. नक्कल जितकी अचूक, तितकी गळती कमी आणि तितकाच आवाज वाढवण्याला वाव. ट्रेलरमधला बूस्टर याच नियमावर चालतो: दोन अँटेनांमधला आडोसा जितका, त्याहून वाढ कमीच ठेवायची.

यावर एक रास्त आक्षेप आहे. मोबाइलमध्ये जाण्या-येण्याच्या फ्रीक्वेन्सी बहुधा वेगळ्या असतात, फिल्टरने त्या सुट्या होतात. मग हायब्रिड कॉइलशी नातं कसलं? कॉइल गेली, मान्य. पण एकाच दिशेचा सिग्नल एका अँटेनातून सुटून दुसरीत शिरतो, ते कोणता फिल्टर अडवणार? ते हवेतलं अंतर अडवतं, नाहीतर मधली भिंत. आणि ट्रेलरमध्ये अंतर असतं कितीसं!

इथे मला सापडलेली गंमत. १९३४ साली हॉले बोलसने अ‍ॅल्युमिनियमच्या पत्र्याला रिव्हेट मारून ‘रोड चीफ’ ट्रेलर बांधला. हा तोच गृहस्थ, ज्याच्या देखरेखीखाली वैमानिक लिंडबर्गचं ‘स्पिरिट ऑफ सेंट लुइस’ विमान बांधलं गेलं. त्याच घडणीचा एअरस्ट्रीम कंपनीचा ‘क्लिपर’ १९३६ मध्ये आला. आज मोबाइलवाले या पत्र्याला शिव्या घालतात, कारण तो सिग्नल बाहेरच अडवतो. पण दोन अँटेनांमधला फुकटचा आडोसाही तोच. फायबरग्लासच्या ट्रेलरमध्ये सिग्नल मुळात बरा शिरतो, पण बूस्टर लवकर शिट्टीवर येतो. पत्र्याच्या ट्रेलरलाही खिडक्या असतातच. गळतं ते तिथून.

अमेरिकेच्या दूरसंचार आयोगाने २०१३ मध्ये ग्राहकांच्या बूस्टरसाठी नियम केले. (भारतात खासगी माणसाने असं यंत्र लावणं बेकायदा आहे.) सगळ्या कंपन्यांना चालणाऱ्या, धावत्या वाहनातल्या बूस्टरला कमाल ५० डेसिबल, म्हणजे शक्तीत लाखपट, वाढीची मुभा. फोनकडून टॉवरकडे जाणाऱ्या दिशेत शिट्टी सुरू झाली, तर यंत्राने ०.३ सेकंदात आपणहून वाढ उतरवायची किंवा बंद पडायचं.

ट्रेलर मुक्कामाला उभा राहिला, की लोक अँटेना उंच दांड्यावर चढवतात. टॉवर नीट दिसावा म्हणून, असं सांगतात. माझ्या लेखी ती आतल्या अँटेनापासून दूर जाते, हे जास्त मोलाचं.