हार्लेममधली एक संगीतशाळा

२ मे १९१२ रोजी न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये क्लेफ क्लबच्या सुमारे सव्वाशे कृष्णवर्णी वादकांनी मैफल केली. जॅझच्या इतिहासात हा प्रसंग वारंवार येतो. ती मैफल कशासाठी होती, हे मात्र बहुधा एका वाक्यात उरकले जाते. तिचे उत्पन्न हार्लेममधल्या 'म्युझिक स्कूल सेटलमेंट फॉर कलर्ड पीपल' या शाळेसाठी होते. शाळा आदल्याच वर्षी, १९११ मध्ये, निघाली होती आणि १९१९ नंतर तिचे नाव मागे पडत गेले. शाळेकडे मैफलीची तळटीप म्हणून पाहणे मला अन्यायाचे वाटते.

शाळेच्या जन्माची कथा मुख्यतः डेव्हिड मॅनेस यांच्या 'म्युझिक इज माय फेथ' या आत्मचरित्रावर उभी आहे. मॅनेस गोरे, ज्यू कुटुंबातले; न्यूयॉर्क सिम्फनीचे प्रमुख व्हायोलिनवादक. गरीब वस्तीतल्या मुलांना संगीत शिकवणाऱ्या थर्ड स्ट्रीटवरच्या शाळेचाही त्यांना अनुभव होता. ते सांगतात की लहानपणी त्यांना जॉन डग्लस नावाच्या कृष्णवर्णी व्हायोलिनवादकाने शिकवले. डग्लस युरोपात शिकून आले होते, पण वर्णामुळे न्यूयॉर्कच्या कोणत्याही सिम्फनी वाद्यवृंदात त्यांना जागा मिळाली नाही. त्या गुरूचे ऋण म्हणून मॅनेस यांनी हार्लेममधली शाळा काढली.

आत्मचरित्र छापले गेले १९३८ साली, म्हणजे शाळेनंतर पाव शतकाने. बालपणीची आठवण तर त्याहून कितीतरी जुनी. म्हणून दुसरा आधार हवाच, आणि तो आहे. जेम्स ट्रॉटर यांनी १८७८ मध्ये कृष्णवर्णी संगीतकारांवर लिहिलेल्या ग्रंथात या डग्लसची नोंद आहे. तेव्हा मॅनेस जेमतेम बारा वर्षांचे होते आणि ट्रॉटर यांना ही कथा सजवण्याचे काहीच कारण नव्हते. डग्लस यांच्या नावावर १८६८ चा 'व्हर्जिनियाज बॉल' हा ऑपेराही आहे. आफ्रिकन-अमेरिकन संगीतकाराचा तो पहिला ऑपेरा मानतात; त्याचे संगीत आज उपलब्ध नाही. म्हणजे गुरू खरा होता, आणि शिष्याने रंगवला त्यापेक्षा मोठाही असावा.

तरीही मॅनेस यांची कथा तेवढीच वाचली की शाळा एका कृतज्ञ गोऱ्या माणसाची देणगी वाटू लागते. मैफलीची कागदपत्रे शेजारी ठेवली की चित्र बदलते. क्लेफ क्लब १९१० मध्ये स्थापन झाला. कृष्णवर्णी वादकांची ही संघटना त्यांना कामेही मिळवून देई. अध्यक्ष जेम्स रीस युरोप यांचे वादक रात्री हॉटेलांत आणि श्रीमंतांच्या नाचांत वाजवत, त्यामुळे सगळे एकत्र तालमीला येणे जवळजवळ अशक्य होते. असे लोक, ज्यांची रोजची कमाई रात्रीच्या वादनावर होती, ते एका शाळेसाठी कार्नेगी हॉलमध्ये उभे राहिले. मॅंडोलिन, बॅंजो, हार्प-गिटार आणि मागे पियानोंची अख्खी रांग. सभागृह भरले होते आणि गोरे-काळे श्रोते शेजारी-शेजारी बसले होते. बर्लिनमध्ये शिकलेले संगीतकार विल मॅरियन कुक यांना आधी या धाडसाने समाजाचे नुकसान होईल अशी भीती होती, पण शेवटी तेही वाद्यवृंदात बसले. त्यांच्या 'स्विंग अलाँग'ला वन्समोअर मिळाला. मैफल १९१३ आणि १९१४ मध्येही झाली.

शाळेत शिकवायचे काय, हा प्रश्न त्या काळच्या लेखनातून सतत डोकावतो. शाळेच्या कामात असलेल्या नॅटली कर्टिस यांनी १९१३ मध्ये 'द क्राफ्ट्समन' मासिकात लिहिताना कृष्णवर्णी गायक-वादकांच्या उपजत स्वरमेळाचे मनापासून कौतुक केले. युरोप यांनी १९१४ मध्ये वृत्तपत्राला दिलेल्या मुलाखतीत आपल्या वाद्यरचनेचे समर्थन केले: मॅंडोलिन-बॅंजोंचा तो विशिष्ट नाद ही तडजोड नसून आपल्या संगीताची गरज आहे. कर्टिस 'उपजत' म्हणतात तिथे युरोप कारागिरी दाखवतात. मला युरोप यांची साक्ष जास्त वजनदार वाटते, कारण ते रोज त्याच वादकांना घडवत होते.

१९१४ मध्ये शाळेची सूत्रे जे. रोझामंड जॉन्सन यांच्याकडे आली. भाऊ जेम्स वेल्डन यांच्या शब्दांना चाल लावून १९०० साली 'लिफ्ट एव्हरी व्हॉइस अँड सिंग' रचणारे हेच. त्यांच्यामागे ब्रॉडवेचा आणि लंडनच्या रंगभूमीचा अनुभव होता. इथे एक सावधगिरी हवी: क्लेफ क्लबच्या मैफलीचे वर्णन आपण जेम्स वेल्डन यांच्या १९३० च्या 'ब्लॅक मॅनहॅटन'मधून घेतो, आणि ते शाळेच्या प्रमुखाचे सख्खे भाऊ. त्यांचा अभिमान वजा केला तरी तारखा, नावे आणि गर्दी वृत्तपत्रांतून जुळतात.

रोझामंड १९१९ पर्यंत प्रमुख होते. १९२५ मध्ये दोघा भावांनी आफ्रिकन-अमेरिकन स्पिरिच्युअल्सचा संग्रह काढला. त्यातली बहुतेक पियानोसाथ रोझामंड यांची आहे, काही लॉरेन्स ब्राउन यांची. हा संग्रह हार्लेमच्या सांस्कृतिक बहराचे फळ म्हणून सांगितला जातो. पण ती साथ लिहिणारा माणूस त्याआधी पाच वर्षे त्याच हार्लेममध्ये संगीतशाळा चालवत होता. संग्रहाचा इतिहास लिहिताना सुरुवात १९२५ पासून न करता १९१४ पासून करायला हवी, असे मला वाटते.