कानाची साक्ष

आरोपीला केवळ आवाजावरून ओळखल्याची साक्ष इंग्रजी न्यायपरंपरेत फार जुनी असून, राजा पहिला चार्ल्स याच्या शिरच्छेदाबद्दल विल्यम ह्यूलेट याच्यावर लंडनमध्ये १६६० साली जो खटला चालला, त्यात बुरखाधारी मारेकऱ्याचा आवाज ह्यूलेटचाच होता, असे त्याच्याच पलटणीतील एका सैनिकाने शपथेवर सांगितले होते. साक्षीदार आणि आरोपी यांचा पूर्वपरिचय होता, हा तपशील येथे दुर्लक्षिण्यासारखा नाही. कारण पुढे न्यायालयांनी ओळखीच्या कानाला आणि अनोळखी कानाला जवळजवळ एकाच मापाने मोजले.

त्याचे ठळक उदाहरण म्हणजे अमेरिकेतील लिंडबर्ग खटला. विख्यात वैमानिक चार्ल्स लिंडबर्ग यांच्या अपहृत बालकाची खंडणी २ एप्रिल १९३२ च्या रात्री न्यूयॉर्कमधील एका दफनभूमीत दिली गेली, तेव्हा बाहेर मोटारीत बसलेल्या लिंडबर्ग यांच्या कानी एका अपरिचिताची जेमतेम दोन-तीन शब्दांची हाक पडली. सप्टेंबर १९३४ मध्ये ब्रुनो हाउप्टमन पकडला गेल्यावर, आवाजावरून माणूस ओळखणे अवघड असल्याचे त्यांनी आधी सांगितले. परंतु त्यानंतर, समोर उभा असलेला एकच संशयित तेच शब्द उच्चारत असताना ऐकून त्यांनी त्याला ओळखले आणि १९३५ च्या सुनावणीत ती ओळख निःशंकपणे मांडली. निकालाला इतरही पुरावे होते, हे खरे. तरीही अशी ओळख कच्चीच म्हणावी लागेल.

याच खटल्यामुळे फ्रान्सेस मॅकगेही या मानसशास्त्रज्ञ संशोधिकेने १९३७ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. पडद्याआडून वाचणाऱ्या अनोळखी व्यक्तीचा आवाज श्रोत्यांना ऐकवून, काही काळाने तो पाच आवाजांतून निवडण्यास सांगितले असता, सुरुवातीला सुमारे ८३ टक्के असलेले अचूक ओळखीचे प्रमाण पाच महिन्यांनी १३ टक्क्यांवर, म्हणजे निव्वळ अंदाजाने साधेल त्याहूनही खाली, घसरले. परिचिताचा आवाज मात्र वर्षानुवर्षे ओळखता येतो, कारण स्वरतंतूंच्या कंपनांवर ठरणारी पट्टी आणि घसा, तोंड व नाक यांच्या पोकळ्यांतील अनुनादामुळे येणारा पोत यांच्या जोडीने त्याची बोलण्याची लकब, राग, घाई, सर्दी अशा अनेक अवस्थांत, कानाने आत्मसात केलेली असते.

ध्वनीचा आलेख कागदावर उमटवणाऱ्या यंत्राच्या आधारे बेल प्रयोगशाळेतील लॉरेन्स कर्स्टा यांनी १९६२ मध्ये ‘आवाजाचा ठसा’ बोटांच्या ठशाइतकाच भरवशाचा असल्याचा दावा केला. तो फार काळ टिकला नाही; ओळखीच्या कानाची गरज मात्र उरली. ध्वनिमुद्रित प्रचारभाषणांवरून मुंबईतील एका विधानसभा निवडणुकीचा वाद भारताच्या सर्वोच्च न्यायालयापुढे आला, तेव्हा १९७५ च्या निकालात न्यायालयाने, फितीवरील आवाज मुद्रण करणाऱ्याने किंवा तो आवाज जाणणाऱ्या अन्य कोणी ओळखला पाहिजे, अशी अट घातली.